लोगो त्यांचा, पान आपलं

स्वतःच्या वेबसाईटवर दुसऱ्याचा लोगो लावावा की नाही, हा प्रश्न वाटतो तितका फालतू नाही. आपल्यापैकी बहुतेक जण तो कोणालाही न विचारता परस्पर सोडवून मोकळे होतात. रेझ्युमेच्या पानावर जावाचा वाफाळता कप, लडाखच्या प्रवासवर्णनावर रॉयल एनफिल्डचं नाव त्यांच्याच वळणदार अक्षरांत, नव्या फोनच्या परीक्षणावर एक चावा घेतलेलं सफरचंद... गूगलवर शोधायचं, राईट क्लिक, सेव्ह ॲज, झालं काम!

यावर ऑफिसच्या कँटीनमध्ये विषय निघाला की दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "अरे, नेटवर आहे म्हणजे फुकटच की." दुसरा म्हणतो, "काढून टाक बाबा, नोटीस येईल." दोघंही एकदम ठाम असतात आणि दोघांचंही म्हणणं अर्धवट असतं. गंमत म्हणजे याचं उत्तर इंटरनेटपेक्षा बरंच जुनं आहे आणि ते शोधायला थेट बिअरच्या बाटलीपासून सुरुवात करावी लागते. (मी वकील नाही, इंजिनिअर आहे, हे आधीच सांगून ठेवतो. हा सल्ला नाही, इतिहास आहे.)

ब्रिटनमध्ये १८७५ साली ट्रेडमार्क नोंदणीचा कायदा झाला आणि १ जानेवारी १८७६ पासून नोंदणी सुरू झाली. पहिला नंबर लागला बर्टन-अपॉन-ट्रेंट या गावच्या 'बास' कंपनीच्या लाल त्रिकोणाचा. कंपनीचा माणूस म्हणे आदल्या रात्रीपासूनच कचेरीच्या दाराशी जाऊन बसला होता, असं सांगतात. (आपल्याकडे शाळाप्रवेशाच्या फॉर्मसाठी पालक बसायचे, तसंच!)

आता विचार करा, त्रिकोण काही बासने शोधून काढला नव्हता. तो युक्लिडच्या आधीपासून होता. लाल रंगही जुनाच. मग कायद्याने बासला दिलं तरी काय? तर एवढंच, की बाटलीवर हा लाल त्रिकोण दिसला तर आतली बिअर बासनेच बनवलेली असणार, दुसऱ्या कोणी तो आपल्या बिअरला लावायचा नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर ट्रेडमार्क हा पॉइंटर आहे. 'हा माल कोणाकडून आला' एवढंच तो दाखवतो. कोणी गुपचूप तो दुसऱ्या मालाकडे वळवला की गिऱ्हाईक फसतं आणि मूळ कंपनीने वर्षानुवर्षं कमावलेलं नाव खराब होतं. कायदा अडवतो तो मुख्यतः याला.

इथे एक खुलासा करायला हवा, कारण कॉपीराइट, पेटंट आणि ट्रेडमार्क यांची भेळ आपण नेहमी करतो. पेटंट शोधाला मिळतं, कॉपीराइट लिहिलेल्या-काढलेल्या-गायलेल्या कृतीला मिळतो, आणि ट्रेडमार्क ओळखीच्या खुणेला. पहिल्या दोघांना मुदत असते. ट्रेडमार्क मात्र नूतनीकरण करत राहिलात तर पिढ्यान् पिढ्या चालतो. लोगो हे जर चित्र असेल, तर त्याला ट्रेडमार्कसोबत कॉपीराइटही असू शकतो. म्हणजे एकाच वस्तूला दोन कुलुपं. आजचा विषय मुख्यतः पहिल्या कुलपाचा.

बासच्या नोंदणीनंतर सहाच वर्षांनी, १८८२ साली, एदुआर माने या फ्रेंच चित्रकाराने पॅरिसच्या 'फोली-बेर्जेर'मधल्या बारचं प्रसिद्ध चित्र काढलं. आज ते लंडनच्या कोर्टोल्ड गॅलरीत आहे. मध्ये उदास चेहऱ्याची बारबाला उभी आहे आणि तिच्या पुढ्यातल्या बाटल्यांमध्ये लाल त्रिकोणाच्या बाटल्या स्पष्ट ओळखू येतात. हे चित्र बघून माने बिअर विकायला बसलाय असं कोणाला वाटेल? खूण तीच, पण तिच्यामुळे फसलं कोणीच नाही. आपल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर या चित्रात आहे.

उरलेलं अर्धं अमेरिकेतल्या कोर्टकचेऱ्यांमधून हळूहळू तयार झालं. १९२४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयापुढे एक मजेशीर खटला आला. 'प्रेस्टोनेट्स' नावाची कंपनी 'कॉटी' या प्रसिद्ध फ्रेंच कंपनीची पावडर आणि अत्तरं विकत घ्यायची, छोट्या डब्या-बाटल्यांत भरायची आणि वर लिहायची, की आतला माल कॉटीचा आहे, पण भरलाय आम्ही आणि आमचा कॉटीशी संबंध नाही. कॉटी भडकली. आमचं नाव आमच्या परवानगीशिवाय कसं काय? निकाल लिहिला न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी, आणि तो कॉटीच्या विरोधात गेला. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा, की ट्रेडमार्क म्हणजे उच्चारच करू नये असा काही पवित्र शब्द नव्हे. लोकांची फसवणूक होत नसेल, तर खरी गोष्ट सांगायला तो वापरता येतो.

आता नावाचं ठीक आहे. पण लोगोचं काय? इथे १९६९ सालचा फोक्सवॅगनचा खटला कामाला येतो. कॅलिफोर्नियातल्या एका गॅरेजवाल्याने आपल्या पाटीवर आणि जाहिरातींत 'फोक्सवॅगन' आणि 'पोर्शे' ही नावं वापरली होती, कारण तो त्याच गाड्या दुरुस्त करायचा. कंपनी कोर्टात गेली आणि हरली. फोक्सवॅगन दुरुस्त करणाऱ्या माणसाने 'फोक्सवॅगन' म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? पण कोर्टाने त्याच्या बाजूने मोजलेल्या गोष्टींत एक महत्त्वाची होती. त्याने कंपनीची खास अक्षरं वापरली नव्हती, रंगसंगती उचलली नव्हती आणि वर्तुळातलं व्ही-डब्ल्यू हे चिन्हही लावलं नव्हतं. नाव हवं तेवढं घेतलं आणि बाकीच्याला हात लावला नाही.

या सगळ्याला नीट आकार आला १९९२ साली, आणि तो आणला (हसू नका!) पोरापोरांच्या एका पॉप बँडने. 'न्यू किड्स ऑन द ब्लॉक' तेव्हा अमेरिकेत तुफान लोकप्रिय होता. दोन वृत्तपत्रांनी 'तुमचा आवडता न्यू किड कोण?' अशी फोनवरून मतं मागवली. फोनला पैसे पडायचे. बँडने दावा ठोकला, की आमचं नाव वापरून हे पैसे कमावतायत. न्यायाधीश ॲलेक्स कोझिन्स्की यांनी दावा फेटाळताना तीन कसोट्या मांडल्या. एक, ती वस्तू त्या नावाशिवाय सहज ओळखवता येत नसली पाहिजे. दोन, ओळख पटायला लागेल तेवढाच ट्रेडमार्क वापरायचा. तीन, मालकाचा आपल्याला पाठिंबा आहे असं भासवायचं नाही. दुसऱ्या कसोटीसाठी त्यांनी कोकाकोलाचं उदाहरण घेतलं. प्रतिस्पर्धी शीतपेयवाला जाहिरातीत कोकाकोलाशी तुलना करू शकतो, नाव घेऊ शकतो, पण त्यासाठी कोकाकोलाची ती वळणदार अक्षरं वापरायची त्याला गरज नाही.

म्हणजे वेबसाईटचं युग सुरू व्हायच्या आधीच नियम तयार होता. पण झालं काय, की वेबसाईट आल्या आणि त्यांच्याबरोबर भलताच माहोल आला.

नव्वदच्या दशकातली वैयक्तिक पानं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना आठवेल. जिओसिटीजवरचं पान, चमचमणारी तारकांची पार्श्वभूमी, 'काम चालू आहे'चा फावडंवाला माणूस आणि तळाशी छोट्या छोट्या बटणांची रांग. ८८ बाय ३१ पिक्सेलची ही बटणं म्हणजे त्या काळातली बिल्लेगिरी होती. त्यात सगळ्यात प्रसिद्ध 'नेटस्केप नाऊ'. कंपनी स्वतःच सांगायची, की आमचा लोगो घ्या, तुमच्या पानावर लावा आणि त्याची लिंक आमच्याकडे द्या. मायक्रोसॉफ्टनेही इंटरनेट एक्सप्लोररसाठी तेच केलं. लाखो लोकांनी फुकटात जाहिरात केली. आपल्या पानावर कंपन्यांचे लोगो असणं ही त्या पिढीच्या हातात पडलेली सवय, आणि ती लावली कंपन्यांनीच. पुढे याहूने ऑक्टोबर २००९ मध्ये जिओसिटीज बंद केलं. काही उत्साही मंडळींनी बरीचशी पानं वाचवून ठेवली, म्हणून ही बटणं आजही बघायला मिळतात.

एका हाताने बटणं वाटली जात असतानाच दुसऱ्या हाताने नोटिसा जायला लागल्या. सिनेमा आणि टीव्ही मालिकांच्या चाहत्यांनी हौसेने बनवलेल्या साईटना मोठ्या स्टुडिओंची वकिली पत्रं येऊ लागली. सगळ्यात गाजलं हॅरी पॉटर प्रकरण. २००० सालच्या डिसेंबरात वॉर्नर ब्रदर्सने ब्रिटनमधल्या एका १५ वर्षांच्या मुलीला पत्र पाठवलं, की तुझ्या साईटच्या नावात आमचा ट्रेडमार्क आहे, ते नाव आम्हाला देऊन टाक. मुलगी गप्प बसली नाही, वर्तमानपत्रांनी उचलून धरलं, जगभरच्या पोरांनी बहिष्काराची मोहीम काढली आणि २००१ मध्ये कंपनीला माघार घ्यावी लागली. आपल्या सगळ्यात प्रेमळ गिऱ्हाईकाला वकिलाचं पत्र पाठवणं म्हणजे स्वतःच्याच पायावर धोंडा, हे स्टुडिओंना तेव्हा कळलं.

पण कायद्याच्या दृष्टीने खरा कस लागला तो टेरी वेल्स यांच्या खटल्यात. या बाई 'प्लेबॉय' मासिकाच्या १९८१ सालच्या 'प्लेमेट ऑफ द इयर'. म्हणजे मासिकानेच त्यांना हा किताब दिला होता. १९९७ मध्ये त्यांनी स्वतःची वेबसाईट काढली आणि शीर्षकात हा किताब लिहिला. मासिकाने १९९८ मध्ये खटला भरला. हे शब्द आमचे नोंदणीकृत ट्रेडमार्क आहेत, काढा!

२००२ साली अपील कोर्टाचा निकाल आला आणि मला तो फार आवडतो, कारण कोर्टाने एकच एक ठोक उत्तर न देता पानाचे भाग पाडून एकेक तपासला, कोड रिव्ह्यू करावा तसा. शीर्षकात किताब आहे? चालेल. ती गोष्ट खरी आहे, आणि हे शब्द टाळून बाईंनी स्वतःची ओळख द्यायची कशी? 'श्री. हेफनर यांच्या मासिकाने १९८१ साली अव्वल म्हणून निवडलेली मॉडेल' अशा थाटाचं लांबलचक वाक्य कोर्टानेच बनवून दाखवलं आणि ते हास्यास्पद ठरवलं. सर्च इंजिनसाठी लपवलेले शब्द, म्हणजे मेटाटॅग? तेही चालतील. मासिकाचं ते प्रसिद्ध सशाचं डोकं बाईंनी लावलेलं नव्हतं आणि बहुतेक पानांवर 'या साईटला मासिकाची मान्यता नाही' असंही लिहिलं होतं. या दोन्ही गोष्टी त्यांच्या पथ्यावर पडल्या. पण एक गोष्ट अडली. त्या किताबाची आद्याक्षरं आणि ८१ हा आकडा त्यांनी पानाच्या पार्श्वभूमीवर वॉलपेपरसारखा परत परत छापला होता. कोर्ट म्हणालं, ओळख एकदा सांगून झाली, आता ही पुनरावृत्ती कशाला? याला त्या तीन कसोट्यांचं संरक्षण नाही. तेवढा मुद्दा पुढच्या तपासासाठी खालच्या कोर्टाकडे परत गेला.

एकाच साईटवर तेच शब्द शीर्षकात चालले आणि वॉलपेपरवर अडकले. कँटीनमधल्या दोन्ही पक्षांनी हा निकाल वाचायला हवा.

इथवर आपण ओळख सांगण्याबद्दल बोललो. पण समजा, तुम्हाला त्या कंपनीला नावं ठेवायची असतील तर? तिथे लोगो लागतोच, कारण शिव्या कोणाला देतोय हे लोकांना कळायला हवं! १९९८ मध्ये कॅलिफोर्नियात एका वेब डिझायनरने 'बॅली' या व्यायामशाळांच्या साखळीचा लोगो घेऊन त्यावर आडवा एक अपशब्द लिहिला आणि तक्रारींचं पान काढलं. बॅली कोर्टात गेली, डिझायनर जिंकला. हे पान बॅलीनेच काढलंय असं कुठला शहाणा माणूस समजेल? फ्रान्समध्ये ग्रीनपीसने 'एस्सो' या तेलकंपनीच्या लोगोतल्या दोन 'एस'च्या जागी डॉलरची चिन्हं टाकली. २००२ मध्ये कोर्टाने आधी बंदी घातली, पण पुढे अपिलात ग्रीनपीसची बाजू उचलून धरली गेली आणि २००८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेही तोच कल कायम ठेवला.

"ठीक आहे, पण हे सगळं तिकडचं," असं तुम्ही म्हणाल. मग आपल्याकडे येऊ.

आपली ट्रेडमार्क रजिस्ट्री १९४० सालची आणि तिचं मुख्य कार्यालय मुंबईत. सध्याचा कायदा १९९९ चा, तो अमलात आला १५ सप्टेंबर २००३ ला. या कायद्यात उल्लंघनाची व्याख्या 'व्यापाराच्या ओघात' केलेल्या वापराभोवती फिरते. आणि कलम ३० स्पष्ट सांगतं, की एखादा माल त्याच्या मालकाचाच आहे हे सांगण्यासाठी ट्रेडमार्क वापरला तर ते उल्लंघन नव्हे, मात्र तो वापर प्रामाणिक रीतीचा हवा आणि त्या नावाचा गैरफायदा उठवणारा किंवा त्याला बट्टा लावणारा नको. होम्ससाहेबांचंच म्हणणं, जरा सरकारी भाषेत.

याची परीक्षा झाली दिल्लीत. ओडिशाच्या किनाऱ्यावर धामरा बंदर बांधलं जात होतं, टाटा स्टील आणि एल अँड टी यांचा एकत्र प्रकल्प. ऑलिव्ह रिडले कासवं (आपल्या वेळासला येतात तीच) तिथून जवळच हजारोंनी अंडी घालायला येतात. ग्रीनपीसने २०१० मध्ये पॅकमॅनच्या धर्तीवर एक ऑनलाइन गेम काढला, 'टर्टल व्हर्सेस टाटा'. कासव ठिपके खात पळतंय आणि टाटांचे राक्षस त्याच्या मागे लागलेत, त्यात टाटांचा लोगोसुद्धा! टाटा सन्सने बदनामी आणि ट्रेडमार्कचा भंग असा दुहेरी दावा लावला आणि दहा कोटींची भरपाई मागितली. २८ जानेवारी २०११ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एस. रवींद्र भट यांनी गेम थांबवायचा अंतरिम आदेश द्यायला नकार दिला. ज्या प्रश्नाशी लोकांचं हित जोडलेलं आहे, त्यावर टीका करण्यासाठी, टिंगल करण्यासाठी चिन्ह वापरणं म्हणजे व्यापारी फायद्यासाठी ते चोरणं नव्हे, आणि अशी बंदी घातली तर चर्चाच दाबली जाईल, असा त्यांचा रोख होता. हा अंतिम निकाल नव्हता, तरी आपल्याकडे या विषयात आजही त्याचाच दाखला देतात.

टाटांबद्दल आदर असणाऱ्यांना (त्यात मीही आलो) हा गेम आवडायलाच हवा असं नाही. ग्रीनपीसचं म्हणणं बरोबर होतं का, हा वेगळा वाद. मुद्दा असा, की टीका आवडत नाही म्हणून लोगोच्या आडून ती बंद पाडता येत नाही.

आणि हा मुद्दा माझ्या दृष्टीने जीव लावण्यासारखा आहे. का, ते सांगतो. माझ्या एका मित्राने आपल्या साईटवर एका कंपनीच्या सेवेचा अनुभव लिहिला होता. तारखा, पावत्या, कॉल कधी केले, सगळं व्यवस्थित. वर त्या कंपनीचा छोटासा लोगो. पंधरा दिवसांत जाड कागदावर वकिलाची नोटीस आली, 'आमच्या अशिलाच्या नोंदणीकृत चिन्हाचा बेकायदा वापर'. अनुभवातली एकही ओळ खोटी आहे असं त्या नोटिशीत कुठेही म्हटलेलं नव्हतं. मित्राच्या घरी वडील रिटायर्ड, बहिणीचं लग्न ठरलेलं. त्याने अर्ध्या तासात अख्खं पान उडवलं. लोगो नव्हे, अख्खं पान! नोटीस पाठवणाऱ्यांना हवं होतं तेच झालं, आणि कोर्टाची पायरी कोणालाच चढावी लागली नाही.

निकाल होतात ते लढणाऱ्यांचे. न लढता मिटवल्या गेलेल्या पानांची नोंद कुठेच नसते. अमेरिकेत याच काळजीतून २००२ च्या सुमारास इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन आणि काही विद्यापीठांनी मिळून अशा नोटिसा जमवून जाहीर करणारा एक प्रकल्प सुरू केला, तो आज 'लुमेन' या नावाने चालतो. आपल्याकडच्या कायद्यात तर याहून थेट सोय आहे, आणि ती फार कमी लोकांना माहीत असते. कलम १४२. ट्रेडमार्कच्या भंगाची पोकळ धमकी कोणी दिली, तर धमकी मिळालेला माणूस उलट धमकी देणाऱ्यावरच दावा लावू शकतो. मालकाने खरोखरच वेळेत खटला भरून तो चालवला, तर मात्र या कलमाचा उपयोग नाही. पण नुसतंच घाबरवायला पत्र पाठवलं असेल, तर चेंडू आपल्याही कोर्टात असतो. मित्राने पान परत टाकलं नाही, तो त्याचा निर्णय. पण असं कलम आहे हे त्या अर्ध्या तासात त्याला माहीत असायला हवं होतं, असं राहून राहून वाटतं.

आता नाण्याची दुसरी बाजू. ट्रेडमार्क म्हणजे बड्या कंपन्यांचा दंडुका, असं समजून चालणार नाही. आमच्या ओपन सोर्सवाल्या जमातीलाही तो लागतो. १९९४ मध्ये अमेरिकेत एका भलत्याच माणसाने 'लिनक्स' हे नाव स्वतःच्या नावावर नोंदवायला टाकलं आणि पुढे लिनक्सच्या धंद्यातल्यांकडून त्याचे पैसे मागायला लागला. कोर्टकज्जा झाला आणि १९९७ मध्ये ते नाव लिनस टोरवाल्ड्सकडे आलं. याउलट लिनक्सचा पेंग्विन 'टक्स', १९९६ मध्ये लॅरी युइंगने काढलेला. श्रेय द्या आणि खुशाल वापरा, अशी त्याची परवानगी. म्हणून तो कुठेही दिसतो.

फायरफॉक्सची गोष्ट तर अजून मजेची. कोड सगळ्यांना मोकळा, पण पृथ्वीला वेढा घातलेल्या कोल्ह्याचा लोगो मोकळा नव्हता. डेबियनवाले तत्त्वाचे पक्के, त्यांनी लोगो काढून फक्त नाव ठेवलं. २००६ मध्ये मोझिला म्हणाली, नाव हवं तर लोगोही हवा, आणि तुम्ही कोडमध्ये केलेले बदल आम्हाला दाखवा. डेबियनने नावच बदलून 'आईसविझल' करून टाकलं! आगीचा झाला बर्फ आणि कोल्ह्याचं झालं मुंगसासारखं दिसणारं कायसं. समेट व्हायला २०१६ उजाडलं. मोझिलाचंही चूक म्हणता येत नाही. उद्या कोणी व्हायरस घालून 'फायरफॉक्स' म्हणून वाटला, तर शिव्या कोणाला बसणार? डेबियननेही स्वतःसाठी दोन लोगो ठेवलेत. नुसतं भोवऱ्यासारखं वळण कोणीही वापरावं, पण बाटलीतून निघणारं वळण फक्त अधिकृत कामासाठी. बासच्या त्रिकोणाचंच तत्त्व, आणि तेही बाटलीसकट. :)

काही चिन्हं मात्र या सगळ्या चर्चेच्या बाहेरची आहेत आणि तिथे 'मी तर फक्त ओळख सांगतोय' हा बचाव लंगडा पडतो. पांढऱ्यावर लाल क्रॉस हे आरोग्याचं सर्वसाधारण चिन्ह नाही. युद्धात 'इथे गोळी मारू नका' असं सांगणारी ती खूण आहे, आणि आपल्याकडे १९६० च्या जिनिव्हा करार कायद्याने तिच्या वापरावर बंधन आहे. डॉक्टरांच्या गाडीवर किंवा मेडिकलच्या पाटीवर ती सर्रास दिसते, म्हणून ती चालते असं नव्हे. 'प्रिझन आर्किटेक्ट' या गेममधल्या रुग्णवाहिकेवर लाल क्रॉस होता, म्हणून ब्रिटिश रेड क्रॉसने कंपनीला पत्र लिहिलं आणि २०१७ मध्ये त्यांनी तो हिरवा करून टाकला. जिथे तिथे दिसणारी खूण खऱ्या रणांगणावर कोणी मानणार नाही, ही त्यामागची भीती आहे, आणि ती रास्त आहे. तसंच आपल्या राजमुद्रेचं. अशोकस्तंभाचे सिंह तुमच्या वैयक्तिक साईटच्या डोक्यावर कितीही रुबाबदार दिसले तरी २००५ चा स्वतंत्र कायदा त्याला मनाई करतो. कारण ती मुद्रा दिसली की 'हे सरकारी आहे' असं वाचणारा धरून चालतो.

आणि ट्रेडमार्क आता चौकोनी चित्रापुरता राहिलेला नाही. २०१७ मध्ये मुंबईच्या ताजमहाल पॅलेस हॉटेलच्या इमारतीच्या दर्शनी रूपालाच ट्रेडमार्क मिळाला, भारतात असं पहिल्यांदाच झालं. म्हणजे गेटवेवर काढलेला फोटो तुमच्या प्रवासाच्या पानावरून उतरवायचा का? अजिबात नाही. तो घुमट छापून टी-शर्ट विकायला निघालात, तर मात्र परवानगीचा विषय येतो.

तर मग शनिवारी दुपारी आपल्या पानावर लोगो चिकटवायच्या आधी काय बघायचं? दीडशे वर्षांच्या भांडणांतून मला चार प्रश्न सापडले.

पहिला, नुसत्या नावाने भागतंय का? फोनच्या परीक्षणात फोनचं नाव लिहिणं पुरेसं असतं, गॅरेजवाल्याचं भागलं तसं. दुसरा, लोगो हवाच असेल तर एकदा, छोटा आणि जिथे त्या वस्तूबद्दल बोलतोय तिथेच आहे ना? साईटच्या माथ्यावर किंवा वॉलपेपरवर नको, टेरीबाईंना विचारा. तिसरा, अनोळखी माणसाने पान उघडलं तर ते कंपनीचंच किंवा कंपनीने मान्य केलेलं आहे असं त्याला वाटेल का? 'आमचा संबंध नाही' ही ओळ घालावी, तिने फायदा होतो, पण बाकी सगळं पान उलट सांगत असेल तर ती एकटी ओळ वाचवत नाही. चौथा, कंपनीनेच वापराचे नियम दिलेत का? आजकाल बहुतेक कंपन्यांच्या साईटवर तसं पान असतं. ते वाचावं, पण तो कंपनीचा शब्द आहे, कायद्याचा नव्हे, हेही लक्षात ठेवावं. कंपनीवर टीका करायची असेल तर तिची परवानगी कशी मिळणार?

असो. बासचा तो लाल त्रिकोण ब्रिटनच्या नोंदवहीत अजूनही पहिल्या क्रमांकावर आहे. कंपनी विकली गेली, मालक बदलले, त्रिकोण टिकला. आणि इतक्या वर्षांत शाळेतल्या एकाही पोराला भूमितीच्या वहीत लाल पेन्सिलीने त्रिकोण काढताना बासची परवानगी घ्यावी लागलेली नाही. तुमच्या पानावर तो काढलात तरी हरकत नाही. बाटलीत भरून विकायला लागलात तर मात्र वकील बघून ठेवा!